जी लगेच गुण देते, तिच्याशी जपून

अगं, तुझा मेसेज वाचला. सकाळच्या गोळीने मळमळतंय, मन आहे तसंच जड आहे, म्हणून ती बंद करायची. रात्रीची मात्र पहिल्याच दिवसापासून मस्त लागू पडली, म्हणून तेवढी चालू ठेवायची, असं तुझं ठरत आलंय. जरा थांब. मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून हाच हिशेब मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकते, आणि बहुतेक वेळा तो नेमका उलटा असतो.

आधी एक सांगते. तुझे डॉक्टर ते डॉक्टर. मी फार्मासिस्ट आणि तुझी ताई. गोळ्या वाढवायच्या, कमी करायच्या हे ते ठरवतील. पण पोटात जाणारी गोळी डोक्यात नक्की काय करते, हे तुला कळलं तर तू त्यांना नीट प्रश्न तरी विचारशील.

आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप देते, पण दोघींमध्ये अगदी सूक्ष्म फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाच्या आसपास. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरीवरचे ग्राही ते टिपतात, आणि काम झालं की पहिली ते रसायन पुन्हा ओढून घेते. मेंदूवरची बहुतेक औषधं याच फटीपाशी काही ना काही उलाढाल करतात. कुणी रसायन तिथे जास्त वेळ राहू देतं, कुणी ग्राहीवर स्वतःच जाऊन बसतं, कुणी ग्राहीचं काम सोपं करतं. नवं असं काही ती आत आणत नाहीत. जे आहे त्याचाच जोर कमी-जास्त करतात.

आता तुझी रात्रीची गोळी, क्लोनाझेपाम. मेंदूला शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते ग्राहीला चिकटलं की क्लोराइडची एक वाट उघडते आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. क्लोनाझेपाम ती वाट स्वतः उघडत नाही; गाबा आलं की ती अधिक वेळा उघडेल एवढं बघते. यात तयारीला वेळ लागत नाही, म्हणून तासाभरात धडधड थांबते, डोळे मिटतात. याच्या आधीची बार्बिच्युरेट औषधं डोस जास्त झाला की गाबाची वाटही बघत नसत, थेट वाट उघडून बसत, आणि श्वासच थांबे. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेली, क्लोनाझेपामच्याच जातीची लिब्रियम 1960 मध्ये आणि व्हॅलियम 1963 मध्ये बाजारात आली, तेव्हा या गोळ्या एकदम निर्धोक वाटल्या. त्यांची सवय लागते, हे जगाच्या गळी उतरायला पुढे बरीच वर्षं गेली.

सवय का लागते? मेंदू गप्प बसत नाही म्हणून. दाराला बाहेरून कुणी सतत रेटत राहिलं की आतला माणूस तितक्याच जोराने उलट रेटतो. बाहेरच्याने अचानक हात काढले तर आतला तोंडावर आपटतो. रोज बाहेरून शांतपणा मिळायला लागला की ग्राही हळूहळू मंदावतात. मग तीच गोळी पुरेनाशी होते. आणि काही आठवडे, महिने रोज घेतलेली गोळी एका रात्रीत सोडली तर आधीपेक्षा जास्त घाबरं होतं, झोप उडते, काहींना फिटसुद्धा येते. म्हणूनच डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी देतात आणि टप्प्याटप्प्याने उतरवतात. आणि शेजारच्या काकू त्यांच्या डब्यातली अल्प्राझोलाम प्रेमाने पुढे करतील, ती घ्यायची नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन यादीत आहेत. ती देताना मला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, ते काही उगाच नाही.

सकाळच्या एस्सिटालोप्रामची चाल अगदी वेगळी आहे. ती सेरोटोनिन परत ओढून घेणारा रस्ता अडवते, आणि हे काही तासांतच होतं. मग मन का नाही हलकं होत? कारण फटीत सेरोटोनिन वाढलेलं दिसताच पहिली पेशी ते सोडणंच आवरतं घेते. त्या पेशीवरचे पहारेकरी ग्राही ढिले पडायला, पेशींमधले दुवे नव्याने जुळायला आठवडे जातात. म्हणजे बघ, ज्या जुळवून घेण्यामुळे रात्रीची गोळी अडचणीत आणते, त्याच जुळवून घेण्यातून सकाळची गोळी गुण देते. दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ आठवडेही लागतात. तुझा तर अजून दुसरा आठवडाही पुरा झालेला नाही.

मळमळीचं कारणही साधं आहे. शरीरातलं जवळजवळ 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे गोळीची पहिली चाहूल पोटाला लागते. नाश्ता करून घे. बहुतेकांचा हा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून मी उदास आहे’ असं मात्र धरून बसू नकोस. इतकं सरळ गणित नाही ते. गोळी उपयोगी पडते, तशीच समुपदेशकाशी बोलण्याचीही मदत होते.

आई म्हणाली असेल, त्यापेक्षा झाडपाल्याचं काही घे, त्याने अपाय होत नाही. तिला सर्पगंधेचं सांग. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. ते चेतापेशींमधला सेरोटोनिन, डोपामिनचा साठाच रिता करतं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण सुस्त आणि खिन्न होत. मुळी असो की गोळी, मेंदूत शिरलेलं रसायन आपलं काम करणारच. कॉफीचंही तेच. कॅफीन झोपेची जाणीव देणाऱ्या अॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. संध्याकाळची कॉफी चालू ठेवून रात्रीच्या गोळीला नावं ठेवायची नाहीत.

दारूचा घोटसुद्धा नको, तीही गाबाच्याच वाटेवर जोर लावते आणि दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात. सर्दीची गुंगी आणणारी गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फान असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी, यातलं काहीही घेण्याआधी विचार. गोळ्या चालू आहेत हे दुकानात सांगायला लाजायचं नाही.

आणि हे नीट ऐक. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः तुझ्यासारख्या पंचविशीच्या आतल्यांना, कधी कधी आतून तगमग वाढते, जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात. तसं झालं तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्री टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 आहे, आणि मी आहेच. झोप न घेताही एकदम उधाण आल्यासारखं वाटलं, पैसे उधळावेसे वाटले, तरीही कळव.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा तीन गोष्टी विचार: रात्रीची गोळी किती दिवस आणि ती उतरवायची कशी, सकाळची लागू पडते की नाही हे कधी ठरवायचं, आणि बरं वाटल्यावरही ती किती महिने घ्यायची. बरं वाटलं की सोडून द्यायची नसते ती. अचानक सोडली तर गरगरतं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. हे व्यसन नव्हे, जुळवून घेतलेल्या मेंदूला परत मूळ पदावर यायला लागणारा वेळ आहे.

उत्तरं लिहून घे आणि मला फोटो पाठव. आज मळमळ होते म्हणून गोळी चुकवली असशील तर उद्या दोन घेऊ नकोस. नेहमीची एकच घे, आणि पोटात काहीतरी घालून मग घे.