टॅबवरील मजकुराचे जतन : धारच्या शिलालेखाचा धडा

धार हे आज मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. अठराव्या शतकात तेथे पवार घराण्याची सत्ता स्थापन झाली आणि १९४८ मध्ये धार व जवळचे देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती टिकली. या दीर्घ सहवासामुळे मराठी कुटुंबे, मराठी वाचक आणि मराठी विद्याव्यासंग यांचे धारशी जुने नाते आहे. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले हे याच परंपरेतील अभ्यासक होत. १९०३ मध्ये, भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत त्यांना एक कोरीव शिळा आढळली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने तेराव्या शतकाच्या आरंभी रचलेली 'पारिजातमंजरी' ही संस्कृत नाटिका त्या शिळेवर कोरलेली होती.

नाटिका चार अंकांची. शिळेवर मात्र पहिले दोनच अंक आहेत. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत. पण ती शिळा मिळाली नाही. या नाटिकेची ताडपत्रावरील वा कागदावरील प्रतही उपलब्ध नाही. म्हणजे दगडासारख्या टिकाऊ वस्तूवर कोरूनही अर्धी कृती नाहीशी झाली.

याच धारानगरीत सुमारे दोनशे वर्षे आधी भोज राजा राज्य करीत होता. त्याच्या नावावरील ग्रंथांची गोष्ट वेगळी आहे. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ हस्तलिखितांच्या आधारे टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केला आणि तो १९२४-२५ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. 'शृंगारप्रकाश' हा प्रचंड ग्रंथ धारपासून शेकडो मैल दूर, दक्षिण भारतातील हस्तलिखितांमुळे अभ्यासकांच्या हाती आला. ताडपत्र दगडापेक्षा कितीतरी नाजूक. ते कसर खाते, ओल खाते. तरीही ग्रंथ वाचले, कारण कोणीतरी त्यांची नक्कल करून ती दुसऱ्या गावी नेली होती. वस्तू किती मजबूत आहे यावर मजकुराचे आयुष्य ठरत नाही. प्रती किती आहेत आणि कोठे आहेत यावर ते ठरते, हा धारचा धडा आहे.

हा धडा आज गावोगावच्या शाळांना, अंगणवाड्यांना व कार्यालयांना लागू पडतो. कारण पूर्वी वहीत व फाइलीत असणारा मजकूर आता टॅबमध्ये व मोबाइलमध्ये आहे. शिक्षकाची पाठटिपणे, विद्यार्थ्यांची छायाचित्रे, पाहणीच्या नोंदी आणि पैसे देऊन घेतलेली शैक्षणिक ॲप्स एखाद्या सकाळी उघडेनाशी होतात. 'काल अपडेट केले आणि सर्व गेले' हे उद्गार तेव्हा ऐकू येतात. असे का होते व ते टाळण्यास काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

टॅबमध्ये नेमके काय असते?

टॅबमधील सामग्रीचे चार भाग पडतात. पहिला भाग म्हणजे यंत्र चालविणारी मूळ प्रणाली. अँड्रॉइड हे तिचे परिचित उदाहरण. दुसरा भाग ॲप्सचा. तिसरा भाग आपण स्वतः तयार केलेल्या मजकुराचा : टिपणे, छायाचित्रे, तक्ते. चौथा भाग खात्याचा, म्हणजे ज्या नावाने व पासवर्डने आपण आत शिरतो त्याचा.

पहिले दोन भाग गेले तरी बहुधा पुन्हा मिळतात. तिसरा भाग जगात दुसरीकडे कोठेही नसेल, तर तो गेला की गेलाच. चौथा भाग हा किल्लीसारखा आहे. किल्ली हरवली की उरलेले तीन भाग असूनही नसल्यासारखे होतात. म्हणून काळजी घेण्याचा क्रम तिसऱ्या व चौथ्या भागापासून सुरू झाला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक लोक यंत्राला जाड कव्हर घालतात आणि तेथेच थांबतात.

अपडेट टाळावे काय?

अपडेट म्हणजे प्रणालीत वा ॲपमध्ये निर्मात्याने केलेली दुरुस्ती. तिचे दोन हेतू असतात : नवीन सोयी देणे आणि सुरक्षेतील भगदाडे बुजविणे. अपडेटमुळे त्रास होतो म्हणून ते कायमचे बंद ठेवणे हा उपाय नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य संगणक निकामी केले. ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम त्यामुळे विस्कळित झाले. ज्या त्रुटीतून तिने प्रवेश केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना फटका बसला.

तथापि, अपडेटची दुसरी बाजूही खरी आहे. ॲप दर वेळी थोडे मोठे होत जाते. टॅबची मेमरी मात्र खरेदीच्या दिवशी होती तेवढीच राहते. काही वर्षांनी जुने यंत्र नव्या ॲपचा भार पेलू शकत नाही. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप देशभरातील अंगणवाड्यांसाठी सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी त्यांना मिळालेले मोबाइल संच मोठ्या संख्येने परत केले. संचांची मेमरी अपुरी पडते, ते गरम होऊन बंद पडतात आणि ॲपमध्ये मराठीतून काम करता येत नाही, ही त्यांची गाऱ्हाणी होती. यंत्र देणे हे एकदाचे काम नसून ते चालू ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, याची जाणीव या घटनेने करून दिली.

कधी प्रणालीच जुन्या ॲप्सना दार बंद करते. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने आयओएस ११ ही प्रणाली आणली. तिच्यावर जुन्या बांधणीची, म्हणजे ३२ बिटची ॲप्स चालेनाशी झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी ती नव्याने बांधली नाहीत, ती पैसे देऊन घेतलेली असूनही निरुपयोगी ठरली. मोठे अपडेट एकदा बसल्यावर मागे फिरणे सामान्य वापरकर्त्याला सहसा शक्य होत नाही. यावरून नियम असा निघतो की, आधी प्रत, मग अपडेट.

विकत घेतले म्हणजे आपले झाले काय?

दुकानातून पुस्तक विकत घेतले की ते आपल्या मालकीचे होते. ते ग्रंथालयाला देता येते, मुलाबाळांना ठेवता येते. ॲप वा डिजिटल पुस्तक 'विकत' घेतल्यावर मात्र आपल्याला बहुधा केवळ वापराचा परवाना मिळतो, आणि तो एका खात्याशी बांधलेला असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, कारण विक्रेत्याला ती विकण्याचा हक्क नव्हता. पैसे परत मिळाले. परंतु एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर केलेली टिपणे आधारच गेल्यामुळे निरुपयोगी झाली. कंपनीने पुढे क्षमा मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पुस्तके गेली व पैसे परत आले.

आपल्याकडील शाळांना याचा चटका निराळ्या रीतीने बसतो. शाळेसाठी ॲप घ्यायचे ठरते. शाळेचे खाते नसते, म्हणून उत्साही शिक्षक आपल्या व्यक्तिगत खात्यावर ते घेतात. पुढे त्यांची बदली होते. नवे शिक्षक टॅबवर आपले खाते घालतात, तेव्हा ॲप पुन्हा पैसे मागते; कारण प्ले स्टोअरवरील खरेदी एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर हलविता येत नाही. टॅब रीसेट केला तर अँड्रॉइड यंत्र चोरीपासून संरक्षणासाठी जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकते. तो कोणालाच ठाऊक नसेल, तर चांगला टॅब कपाटात पडून राहतो. शिवाय व्यक्तिगत गूगल खाते सलग दोन वर्षे वापरले नाही, तर ते मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले आहे. निवृत्त शिक्षकाच्या खात्यात राहिलेल्या शाळेच्या छायाचित्रांचे भवितव्य यावरून कळून येईल.

बॅकअपविषयीचे तीन गैरसमज

बॅकअप म्हणजे राखीव प्रत. तिच्याविषयी तीन गैरसमज सर्वत्र आढळतात.

पहिला, 'टॅब स्वतःच सर्व काही जपून ठेवतो.' अँड्रॉइडच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये एका ॲपमागे जास्तीत जास्त २५ एमबी इतकाच मजकूर साठविला जातो आणि ॲपचा निर्माता ही सोय बंदही ठेवू शकतो. टॅब ५७ दिवस वापरला नाही, तर त्या यंत्राचा गूगलवरील बॅकअप पुसला जाऊ शकतो. उन्हाळी सुटीत कपाटात बंद राहणाऱ्या टॅबच्या बाबतीत ही मुदत ध्यानात ठेवावी.

दुसरा, 'सिंक म्हणजेच बॅकअप.' सिंक म्हणजे दोन ठिकाणचा मजकूर एकसारखा ठेवणे. टॅबवर चुकून पुसलेले छायाचित्र दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसले जाते. बॅकअपचे काम याच्या उलट आहे. इथली चूक तिथे पोहोचू न देणे हे त्याचे प्रयोजन होय.

तिसरा, 'ॲप काढून पुन्हा घातले की सर्व ठीक होते.' ॲप काढताना त्यातील मजकूर बहुधा पुसला जातो. ॲप अडखळत असेल, तर सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅशे' हा पर्याय प्रथम वापरावा; त्याने तात्पुरता साठाच जातो. शेजारचा 'क्लिअर डेटा' हा पर्याय मात्र नोंदीच पुसतो. दोन शब्दांतील हा फरक अनेकांना नुकसान झाल्यावर कळतो.

गावपातळीवर काय करावे?

१. तीन प्रती ठेवाव्यात. एक टॅबमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर वा कार्यालयाच्या संगणकावर, तिसरी दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ केंद्रशाळेत वा शाळेच्या ऑनलाइन खात्यात. तिन्ही प्रती एकाच कपाटात असतील, तर गळक्या छपराला एकच पाऊस पुरतो. बालकांची व कुटुंबांची माहिती असलेल्या प्रती मात्र वरिष्ठांच्या अनुमतीनेच काढाव्यात आणि कुलुपात ठेवाव्यात.

२. वार ठरवावा. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी आठवड्याच्या मजकुराची प्रत काढावी व नोंदवहीत तारीख लिहावी.

३. प्रत उघडून पाहावी. महिन्यातून एकदा राखीव प्रतीतील दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडाव्यात. न तपासलेली प्रत ही केवळ आशा असते.

४. सर्वत्र उघडणारे स्वरूप वापरावे. टिपणे पीडीएफ स्वरूपातही काढून ठेवावीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्याच स्वरूपात विनामूल्य मिळतात. ती उघडण्यास विशिष्ट कंपनीचे ॲप लागत नाही.

५. खाते संस्थेच्या नावाचे असावे. पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावा. टॅबप्रमाणेच विकत घेतलेल्या ॲपचीही डेडस्टॉक नोंदवहीत नोंद असावी : नाव, खाते, किंमत, तारीख व मुदत.

६. कार्यभार सोपविताना किल्ल्या व दप्तर यांच्याबरोबर खाती, पासवर्ड आणि राखीव प्रती सोपवून दोघांनी सह्या कराव्यात.

७. अपडेट घाईने करू नये. प्रत काढलेली आहे, चार्जिंग पुरेसे आहे व मेमरीत जागा आहे याची खात्री करावी. शाळेत अनेक टॅब असतील, तर आधी एकावर अपडेट करून आठवडाभर पाहावे. परीक्षेच्या वा अहवालाच्या आदल्या दिवशी ते करू नये.

अधिकाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तपासणीत 'टॅब आहे काय?' हा प्रश्न विचारला जातो. 'राखीव प्रत आहे काय?' हाही विचारला गेला, तर वरील सात गोष्टी आपोआप अंगवळणी पडतील. नवी यंत्रे घेताना त्यांना सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे किंमतीइतकेच महत्त्वाचे मानले जावे.

समारोप

मदनाच्या नाटिकेचा शेवट कसा झाला, हे धारची ती शिळा सांगू शकत नाही. कोरणाऱ्याचे कौशल्य कमी नव्हते, दगडही कच्चा नव्हता. उणीव होती ती दुसऱ्या प्रतीची. गावच्या शाळेतील पहिलीच्या मुलांचे आवाज, एखाद्या आजीने सांगितलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, दहा वर्षांच्या पाऊसपाण्याच्या नोंदी यांचे मोल ज्यांचे त्यांना असते. त्या एकाच टॅबमध्ये असतील, तर त्या अर्ध्या नाटकाच्याच वाटेवर आहेत. येत्या शनिवारी त्यांची एक प्रत काढावी व ती दुसऱ्या घरी ठेवावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या वा कार्यालयाच्या टॅबमधील कोणता मजकूर जगात दुसरीकडे कोठेही नाही?
२. तो टॅब कोणाच्या खात्यावर चालतो? ती व्यक्ती बदलून गेल्यास काय होईल?
३. राखीव प्रत शेवटची कधी काढली आणि ती उघडून कोणी पाहिली?