वाऱ्याची वाटणी

(सायकलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत काही स्वार मुख्य जथा सोडून पुढे निसटतात. ते परस्परांचे प्रतिस्पर्धी असूनही एकमेकांना साहाय्य करतात. ते का, कसे व कोठपर्यंत, हे या पाठात सांगितले आहे.)

सायकलीवरून शाळेत येणाऱ्या मुलांना एक अनुभव नक्कीच असेल. समोरून वारा सुटला म्हणजे नेहमीचाच रस्ता लांब वाटू लागतो. अशा वेळी एखादा थोराड मुलगा आपल्या पुढे सायकल हाकू लागला आणि आपण त्याच्या पाठोपाठ राहिलो, की पायडल एकाएकी हलके होते. वारा तोच, रस्ताही तोच. परंतु वाऱ्याचा मारा आता पुढच्याने अंगावर घेतलेला असतो. (रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग कोणी करू नये, हे सांगणे नलगे.) या साध्या अनुभवातच सायकलींच्या शर्यतीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. मात्र दुसऱ्याच्या मागच्या चाकाशी राहणाऱ्या स्वाराची सुमारे पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. म्हणूनच मोठ्या शर्यतीत शंभर-दीडशे स्वार एकत्र, जथ्याने चालतात. जथ्याच्या पोटात असलेल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु सगळेच अशा रीतीने शेवटपर्यंत आले, तर अखेरच्या काही शे मीटरांत ज्याच्या पायांत सर्वांत अधिक जोर तोच जिंकणार, हे ठरलेले असते. मग ज्याच्या पायांत तेवढा जोर नाही, ज्याच्या पाठीशी बलाढ्य संघ नाही, त्याने काय करावे? त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो. जथा सोडून आधीच पुढे निसटावे! यालाच इंग्रजीत ‘ब्रेकअवे’ म्हणतात.

एकट्याने निसटणे हे मोठे धाडस आहे, कारण सारा वारा एकट्यालाच झेलावा लागतो. म्हणून बहुधा चार-सहा जण मिळून निघतात. ते निरनिराळ्या संघांचे, निरनिराळ्या देशांचे असतात. कित्येकदा त्यांना एकमेकांची भाषाही येत नाही. तरी त्यांच्यात एक करार आपोआप होतो. तो कोठे लिहिलेला नसतो, पण तो मोडणाऱ्याला कोणी विसरत नाही. हा करार म्हणजे वाऱ्याची समान वाटणी.

ही वाटणी अशी चालते. जो पुढे असतो तो थोडा वेळ वारा अंगावर घेतो आणि मग कोपर किंचित हलवून मागच्याला खूण करतो. तो बाजूला होतो, हळूहळू मागे येतो आणि रांगेच्या शेवटी लागतो. नव्याने पुढे आलेल्याने वेग एकदम वाढवायचा नसतो. तसे केल्यास नुकताच दमून मागे गेलेला सोबती रांगेतून सुटतो. आपली पाळी कोणी चुकवायची नसते. जो खरोखरच थकला असेल त्याने रांगेच्या शेवटी राहावे. पण मध्ये घुसून रांग तोडू नये. ज्याचा नायक मागच्या जथ्यात आहे, त्याने पुढे येऊन ओढण्याचे नाकारले तर त्याला कोणी दोष देत नाही, कारण त्याची निष्ठा प्रथम आपल्या संघाशी असते. परंतु विनाकारण दिवसभर दुसऱ्यांच्या आडोशाला बसून अखेरीस त्यांनाच मागे टाकणारा स्वार नियमाने विजयी ठरला, तरी सोबत्यांच्या मनातून उतरतो. पुढच्या शर्यतीत त्याच्याबरोबर निसटायला कोण तयार होईल?

करार पाळला तरी यश हमखास मिळते, असे मात्र नाही. मागचा जथा मोठा हिशेबी असतो. तो या तुकडीला दूर जाऊ देतो, दमू देतो आणि शेवटी पाठलाग करून गाठतो. फ्रान्समधील रॉबेर शापात नावाच्या माजी सायकलपटूने याविषयी एक ढोबळ ठोकताळा सांगितला होता : एकट्या पुढे गेलेल्या स्वाराला जथा दर दहा किलोमीटरांत सुमारे एक मिनिटाने गाठत आणतो. म्हणजे चाळीस किलोमीटर उरले असताना एकट्याने निघायचे, तर गाठीला चार मिनिटांहून अधिक आघाडी हवी!

हे सारे गणित एका गणितज्ञ स्त्रीने जगापुढे सोडवून दाखविले. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२१ मध्ये झाले. २५ जुलै रोजी स्त्रियांची १३७ किलोमीटरांची रस्त्यावरील शर्यत होती. नेदरलँड्सच्या संघात चार नामांकित स्वार होत्या. त्यांपैकी मारियाने फॉस हिने २०१२ मध्ये, तर आना फान डर ब्रेगन हिने २०१६ मध्ये याच शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले होते. उलट, ऑस्ट्रियाकडून आना कीझनहोफर ही एकटीच उतरली होती. तिने गणितात पीएच. डी. मिळविली होती आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ती गणिताचे संशोधन करीत असे. त्या वर्षी ती कोणत्याही व्यावसायिक संघात नव्हती. आपला सराव, आपला आहार आणि आपले डावपेच ती स्वतःच आखीत असे.

शर्यतीचा इशारा होताच ती पुढे निसटली. पोलंडची आना प्लिख्ता, इस्राएलची ओमेर शपिरा, नामिबियाची वेरा लूझर आणि दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर या चौघी तिला मिळाल्या. पाच देशांच्या पाच मुली! त्यांना जथ्याने फारसे महत्त्व दिले नाही आणि पाहता पाहता त्यांची आघाडी दहा मिनिटांहून अधिक झाली. पुढे दोघी मागे पडल्या. उरलेल्या तिघी चढाला लागल्या. चढावर वेग कमी होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचा लाभही कमी होतो. तेथे ज्याचे त्याचे पायच कामी येतात. सुमारे ४१ किलोमीटर उरले असताना कीझनहोफर तेथूनच एकटी पुढे निघाली.

मागे काय घडत होते? ऑलिंपिकमध्ये स्वारांना कानाशी रेडिओ बाळगण्याची मुभा नव्हती. शेवट जवळ आला तेव्हा जथ्याने प्लिख्ता व शपिरा यांना गाठले, आणि आता पुढे कोणीच नाही अशी अनेकींची समजूत झाली. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लूटन हिने तर अंतिम रेषा ओलांडताना विजयाच्या आनंदात हात उंचावले. नंतर तिला कळले, की आपण दुसऱ्या आहोत. कीझनहोफर ७५ सेकंद आधीच पोहोचली होती!

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, “गुरुजी, ज्या सोबतिणींच्या आडोशाने ती तेथवर आली, त्यांना सोडून जाणे हा विश्वासघात नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. परंतु करार कशाचा होता, ते पाहावे. एकत्र रेषा ओलांडण्याचा करार कोणी केला नव्हता. आपापल्या वाट्याचा वारा झेलण्याचा केला होता. तो तिने पाळला होता. तिने सोबतिणींना गाफील गाठले नाही. जेथे प्रत्येकीला आपल्याच बळावर चढायचे होते, तेथे ती उघडपणे पुढे गेली.

तथापि, पदक एकीच्याच गळ्यात पडले, हेही खरे. त्या चौघींची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. त्यांनी झेललेला वारा मात्र त्या सुवर्णपदकात आहेच. मुलांनो, ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याशीही प्रामाणिकपणे वागता येते; आणि यश मिळाल्यावर आपला वारा कोणकोणी वाटून घेतला होता, हे आठवता आले पाहिजे.

शब्दार्थ

थोराड – वयाच्या मानाने दांडगा. नलगे – नको, आवश्यकता नाही. निष्ठा – एकनिष्ठ भाव. ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला अंदाज. चिकित्सक – बारकाईने विचार करणारा. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. दुर्बळ संघाच्या स्वाराला जथा सोडून निसटावे असे का वाटते?
२. निसटलेल्या तुकडीतील स्वार कोणते अलिखित नियम पाळतात?
३. पुढे येऊन ओढण्याचे कोणी नाकारले तर त्याला दोष देत नाहीत? का?
४. कीझनहोफरने एकटीने निघण्यासाठी चढ का निवडला असावा?
५. तीस किलोमीटर उरले असताना एकट्या स्वाराची आघाडी दोन मिनिटे आहे. शापात यांच्या ठोकताळ्यानुसार काय होईल?
६. वाक्यांत उपयोग करा : मनातून उतरणे, अंगावर घेणे, कामी येणे, गाफील गाठणे.
७. तुमच्या एखाद्या यशात ज्यांनी ‘वारा वाटून घेतला’, त्यांच्याविषयी दहा ओळी लिहा.