टाकीतला गंज आणि घाईचं कोटिंग

गाडी कसारा घाटात बंद पडते. मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, जेट फुंकतो, गाडी चालू होते. महिन्याभराने पुन्हा तेच. जुन्या मोटरसायकलींच्या मालकांना हा फेरा पाठ असतो, तरी टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारून बघणारे थोडेच. जेटमधला कचरा टाकीतूनच येतो, हे मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सातपूरला मायकोच्या, डिझेलचे इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस घरोघरी सापडतो, आणि इंधनातला मायक्रॉनभर कचरा काय करतो हे त्याला ठाऊक असतं. पण घरच्या गाडीची टाकी म्हटली की ‘त्याला काय होतंय!’

प्रस्तुत लेखकाकडे मोठ्या भावाकडून आरएक्स १०० आली तेव्हा ती सिडकोतल्या जिन्याखाली अर्ध्या टाकीनिशी पावसाळे काढून बसली होती. भारतात ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे सर्वांत तरुण टाकीचीही पंचविशी कधीच उलटली. अर्धी टाकी म्हणजे उरलेली अर्धी हवा. ती दिवसा तापते, रात्री गार होते, बाष्प पत्र्यावर धरतं आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी जातं. त्यामुळे गंज वर दिसत नाही. तो तळाच्या सांध्यात आणि कॉकच्या तोंडाशी असतो, आणि गाडी रिझर्व्हवर आली की तोच गाळ आधी ओढला जातो.

त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं. रोज चालणाऱ्या गाडीला याची फारशी झळ लागत नाही. उभी राहिलेली गाडी मात्र यात सापडते.

टाकी शहरातल्या एका गॅरेजकडे गेली. तिथे संडास साफ करायचं ॲसिड ओतून ती रात्रभर ठेवली, सकाळी नळाखाली धुतली आणि दुपारी आतून सीलरचा हात फिरवला. आतला पत्रा आरशासारखा दिसत होता. पुढच्या पावसाळ्यात कोटिंगचे पोपडे सुटून कॉकमध्ये अडकले आणि खालच्या सांध्याला पेट्रोलचा ओलावा दिसू लागला. ओल धरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारावा, तसा तो प्रकार.

यातला दोष एका गॅरेजचा नाही, पद्धतच तशी पडली आहे. संडासच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंज खातं, पण गंज संपला की थांबत नाही, चांगला पत्राही खात राहतं आणि सांध्याच्या चिरेत शिरून बसतं. त्याच्या वाफेने शेजारी टांगलेले पान्हेसुद्धा तांबडे पडतात. गंजलेल्या टाकीत आधीच सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि गंजानेच ती बुजलेली असतात. ॲसिड ती उघडी करतं.

गंज काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम घ्यावं. आरएक्सच्या टाकीला साधारण दहा लिटर पाणी लागतं, त्यावरून हिशेब करावा. आधी कॉक आणि असल्यास फ्लोट काढून भोकं रबराने बंद करावीत आणि टाकी डिटर्जंटने धुऊन तेलकटपणा घालवावा, कारण तेलाखालच्या गंजाला लिंबूसत्व शिवत नाही. जाड पोपडे असतील तर सायकलची जुनी चेन दोरीला बांधून आत सोडावी आणि टाकी हलवावी. खडी टाकू नये, ती फुटते आणि चुरा आत राहतो. ऊस पट्ट्यात मळीच्या पाण्यातही लोखंड भिजवतात. गंज उतरतो, पण आठवडे जातात आणि वासाने शेजारी भांडायला येतात.

खरी परीक्षा लिंबूसत्वाचं पाणी ओतून दिल्यावर सुरू होते. उघडा ओला पत्रा डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा पडतो. म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारायची, स्वच्छ पाणी फिरवायचं आणि लगेच हेअर ड्रायरने टाकी ठणठणीत कोरडी होईपर्यंत वाळवायची. ज्या टाकीत पेट्रोलचा वास उरला आहे, तिच्याजवळ मात्र ड्रायर नेऊ नये. पेट्रोल उणे चाळीस अंशांतही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक ती त्यामुळेच. डाग द्यायला किंवा वेल्डिंगला टाकी देताना ती धुतलेली असावी आणि डागाच्या जागेपर्यंत पाण्याने भरलेली असावी. जो कारागीर ‘काही होत नाही’ म्हणेल, त्याच्या दुकानातून टाकी उचलून परत यावं.

आता सीलर. टाकी गळत नसेल तर तो लावूच नये, असं या लेखकाचं ठाम मत आहे. वाळलेल्या पत्र्यावर टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल फिरवावं, टाकी भरावी आणि गाडी चालवावी, एवढ्याने भागतं. बारीक छिद्रं असतील तर दोन भागांचं एपॉक्सी कोटिंग घ्यावं, डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून जादा कोटिंग काढून टाकावं, नाहीतर तळाशी त्याचं डबकं साचतं. कॉकचे आटे आणि हवेची नळी मोकळी राहिली पाहिजे. हे काम मार्च ते मे या महिन्यांत करावं. पावसाळ्यात पत्रा पुरता कोरडा होत नाही आणि निफाडकडची थंडी शहरात उतरली की एपॉक्सी आळसावतं. डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत पेट्रोल भरू नये.

गंजाचं पाणी आणि जुनं पेट्रोल गटारात सोडू नका, नाशिकचे नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. वर्षभरासाठी असेल तर ती रिकामी करा, आतून तेल फिरवा आणि कॉक बंद ठेवा.