हेल्लेणी कोणास म्हणावें?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत एका बाईविषयीं सांगितलें आहे कीं, ती हेल्लेणी असून वंशानें सुरफुनीकी होती. वंश फेनिकेचा, मग ती हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, कशी? तेथें त्या शब्दाचा रोख ती यहूदी नव्हे एवढाच असावा, असें कित्येक टीकाकार म्हणतात. तरी असे दोन शब्द एकाच माणसास लावणें पेरिक्लीसाच्या काळीं चमत्कारिक वाटलें असतें.

त्या काळीं माणसाची ओळख रक्तावर व नगरावर असे. इ. स. पूर्वी ४५१ सालीं पेरिक्लीसानें अथेनै येथें कायदा करविला कीं, ज्याचे आईबाप दोघेही अथेनैकर तोच नागरिक. असा पुरुष गरीब असला तरी सभेंत बसून युद्ध व तह यांविषयीं मत देई. परक्यास, दासास व स्त्रीस तेथें जागा नव्हती.

पुढें मासेदोनियाचा राजा शिकंदर इ. स. पूर्वी ३३४ सालीं आशियांत उतरला व ३२३ सालीं बाबेलांत मरण पावला. त्याच्या सरदारांनीं राज्य वांटून घेतलें. मिसरांत आलेक्सांद्रिया, सूरियांत अंत्युखिया अशा नव्या नगरांत नाना देशींचे लोक एकत्र आले, आणि मुख्यतः अथेनैच्या बोलीवरून घडलेली एक सामान्य ग्रीक भाषा सर्वत्र पसरली. नवा करार हिच्यांतच लिहिला आहे. आतां ही भाषा व शिक्षण ज्यानें घेतलें तोही ग्रीकांत गणला जाऊं लागला. स्तोयिक मताचा गुरु जेनो हा कुप्र बेटावरचा. त्याचें कुळ फेनिकेचें होतें असें जुने लेखक सांगतात. आलेक्सांद्रियाच्या यहूद्यांनीं आपलें शास्त्र ग्रीकांत आणिलें. फार काय, अशोक राजाचा ग्रीक शिलालेख कंदाहार येथें १९५८ सालीं सांपडला.

ह्या बदलांत गमावलेंही पुष्कळ. इ. स. पूर्वी ३२२ सालीं अथेनैचा पाडाव झाल्यावर मासेदोनी सेनापति अंतिपात्र यानें दोन हजार द्राख्मांहून कमी मालमत्ता असणारांचे नागरिकाचे हक्क काढून घेतले. हजारों गरिबांचें मत गेलें. तें पुढें अधूनमधून परत मिळालें, तरी किल्ली राजांच्याच हातीं राहिली.

शिवाय ही नवी भाषा होती नगरांची. आडबाजूस जुन्या बोली टिकल्या. शिकंदरास मरून साडेतीनशेंहून अधिक वर्षें लोटल्यावर पौल व बर्णबा लुस्त्र येथें गेले (प्रे. कृ. १४). पौलाचें बोलणें लोकांस समजलें असावें. पण ते ओरडले आपल्या लुकवनी भाषेत, आणि याजक बैल व माळा घेऊन येईपर्यंत काय चाललें आहे हें प्रेषितांस उमगलें नाहीं असें दिसतें.