लहान डोळ्यांची मोठी दुर्बीण

पावसाचं पाणी धरायचं आहे आणि घरात मोठं घंगाळ नाही, मग आई काय करते? अंगणात चार पातेली मांडते. सगळ्या पातेल्यांची तोंडं मिळून घंगाळाएवढी झाली की पाणीही तेवढंच जमतं.

दुर्बिणीचं असंच आहे. ती ताऱ्यांचा प्रकाश गोळा करते. आरशाचा व्यास दुप्पट केला तर प्रकाश चौपट मिळतो, पण खर्च चौपटीहूनही जास्त वाढतो. शिवाय मोठी दुर्बीण एका वेळी आकाशाचा लहानसाच तुकडा पाहते. एखादा तारा फुटला तर तो काही दिवसांत उजळतो आणि काही महिन्यांत मावळतो. त्या वेळी तिकडे कोणी पाहतच नसेल तर तो कायमचा हुकला!

म्हणून अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी स्वस्त युक्ती काढली. सामन्याचे फोटो काढणारे लोक वापरतात तसली बाजारातली तयार भिंगे त्यांनी घेतली. एकेक भिंग फक्त १४ सेंटिमीटरचे. अशी चार भिंगे, प्रत्येकामागे एक कॅमेरा, सगळी एकाच बैठकीवर. २०१३ मध्ये हवाई बेटांवर काम सुरू झाले, मग चिलीत. २०१७ पर्यंत टेक्सास आणि दक्षिण आफ्रिका धरून पाच ठाणी व २० भिंगे झाली. या योजनेचे नाव ‘असॅसिन’.

एक भिंग साडेचार अंश लांब आणि तेवढाच रुंद तुकडा पाहते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे एका ओळीत ९ चंद्र, अशा ९ ओळी! संगणक कालचा फोटो आजच्यातून वजा करतो; नवीन ठिपका असेल तो उरतो. जून २०१५ मध्ये असाच एक फार तेजस्वी ठिपका सापडला. तो फुटलेला तारा, की कृष्णविवराने फाडलेला तारा, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

भिंगे शेजारी शेजारी न रोखता सगळी एकाच जागी रोखली तर? मग अंधुक वस्तू दिसतात. न्यू मेक्सिकोत ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाची दुर्बीण अशीच आहे. ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला चतुर. (ज्याच्या शेपटीला दोरा बांधल्यावर गुरुजी रागावतात तोच.) चतुराच्या डोळ्यात हजारो बारीक डोळे असतात, म्हणून हे नाव. तिने २०१५ मध्ये अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला ४७ दीर्घिका दाखवल्या. आकाराने आपल्या आकाशगंगेएवढ्या, पण तारे इतके विरळ की आधी कुणाच्या ध्यानातच आल्या नव्हत्या. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीत आतल्या आत प्रकाश विखुरतो, तसा या भिंगांत फारच कमी विखुरतो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. भिंगे जितकी, तितके कॅमेरे. रात्री गारठा वाढला की प्रत्येक भिंग पुन्हा जुळवावं लागतं. आणि लहान भिंगाला जवळजवळचे दोन तारे एकच वाटतात. म्हणून नवीन ठिपका सापडला की मोठ्या दुर्बिणींना तिकडे वळवतात.

आता गणित करा. ड्रॅगनफ्लायला पुढे १४ सेंटिमीटरची ४८ भिंगे झाली. ४८ म्हणजे जवळजवळ ७ × ७. तर ती सगळी मिळून केवढ्या एका भिंगाएवढी? उत्तर : सुमारे ९८ सेंटिमीटर. वर्गातली मोजपट्टी घेऊन फळ्यावर तेवढं वर्तुळ काढून पाहा.