पिकअप गाडीतील ‘चेक इंजिन’चा दिवा व इंजिनाची थरथर : दोष कसा शोधावा?

भाजीपाला, फळे, फुले व दूध वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी अनेकांनी स्वतःची पिकअप गाडी घेतली आहे. तोडणीच्या दिवशी गाडी बंद पडल्यास मालाची प्रत उतरते आणि त्या दिवसाचा भाव हातचा जातो. पूर्वीच्या गाडीत बिघाड कानाने ओळखता येत असे. आता, विशेषतः एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत, इंधन व हवेचे नियंत्रण संगणक करतो. त्याला काही चुकीचे आढळले की समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो व स्मरणात एक कोड नोंदला जातो. हा कोड म्हणजे ‘हा भाग बदला’ असा आदेश नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. तक्रार कोठे आहे एवढेच कोड सांगतो. कारण आपणास शोधावे लागते. हे न समजल्याने महागडे भाग विनाकारण बदलले जातात व दोष तसाच राहतो.

दिव्याचा अर्थ

चावी फिरविल्यावर दिवा लागणे व इंजिन सुरू होताच विझणे हे योग्य आहे. इंजिन चालू असताना पिवळा दिवा स्थिर राहिल्यास, गाडी नीट चालत असेल तर, बेताच्या वेगाने घरी किंवा गॅरेजपर्यंत न्यावी. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत दिवा लुकलुकत असल्यास इंजिन मिसिंग मारत आहे असे समजावे. न जळालेले इंधन सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करते. म्हणून वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास मात्र माल भरलेला असला तरी इंजिन ताबडतोब बंद करावे.

प्रथम निरीक्षण, मग हत्यार

उभ्या गाडीचे इंजिन साधारणपणे मिनिटाला ७५० ते ८५० फेरे एकसारखे घेते. काटा खाली-वर होत असेल, गाडी थरथरत असेल किंवा इंजिन बंद पडत असेल तर पुढील बाबी वहीत लिहून ठेवाव्यात.

१) थरथर इंजिन थंड असतानाच होते की तापल्यावरही?
२) ती डिझेल भरल्यानंतर, गाडी धुतल्यानंतर किंवा पावसानंतर सुरू झाली काय?
३) धूर कोणता? काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट न जळणे. रेडिएटरचे पाणीही कमी होत असल्यास हेड गॅस्केट तपासावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळणे.
४) फेरे स्थिर असून केवळ केबिन हादरते काय? तसे असल्यास इंजिनाखालील रबरी माउंटिंग पाहावे.

घरी करावयाची तपासणी

पुढील क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. तो मोडू नये.

बॅटरी : इंजिन बंद असताना सुमारे १२.४ ते १२.७ व्होल्ट व चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब असावा. टर्मिनलवरील क्षार काढून पकड घट्ट करावी. बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजली असल्यास एकाच वेळी अनेक असंबद्ध कोड येतात.

वायरी : शेतावर उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. इंजेक्टर व सेन्सरचे कनेक्टर नीट बसले आहेत काय, त्यांत पाणी किंवा माती गेली आहे काय, हे पाहावे.

हवेचा मार्ग : एअर फिल्टर धुळीने भरला आहे काय ते पाहावे. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्यांना चीर नसावी व क्लिपा घट्ट असाव्यात. हवा मोजणाऱ्या सेन्सरची तार नाजूक असते. ती फडक्याने पुसू नये.

डिझेल : फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी खाली बसून वेगळी रेघ दिसते.

कोड कसा वाचावा?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. तेथे गॅरेजमधील स्कॅनर किंवा मोबाईलला जोडता येणारे लहान उपकरण लावून कोड वाचता येतो. कोडातील ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्स यांच्याशी संबंधित दोष दाखविते. त्यानंतर शून्य असल्यास कोड बहुतेक गाड्यांना समान असतो. एक असल्यास त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. नेहमी आढळणारे काही कोड पुढीलप्रमाणे आहेत.

पी००८७ : रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. फिल्टर चोंदणे, लाईनमध्ये हवा शिरणे, शेवटी पंप.
पी०१०१ : हवेच्या मापात फरक. एअर फिल्टर, सैल नळी, मळलेला सेन्सर.
पी०२०१ ते पी०२०४ : अनुक्रमे १ ते ४ सिलिंडरच्या इंजेक्टरचे विद्युत मंडल. प्रथम वायर, मग इंजेक्टर.
पी०२९९ : टर्बोचा दाब कमी. बहुधा नळीला गळती.
पी०३०१ ते पी०३०४ : त्या-त्या सिलिंडरचे मिसिंग.
पी०४०१ : ईजीआरमधून धुराचा प्रवाह कमी. व्हॉल्व्ह किंवा मार्गात काजळी.
पी०५६२ : विद्युत दाब कमी. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग.
पी२४६३ : डीपीएफ गाळणीत काजळी साचणे.

कोड पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. दोष आला तेव्हाचे फेरे, वेग व तापमानही संगणक नोंदवून ठेवतो. दिवा घालविण्यासाठी बॅटरीची वायर काढल्यास हा पुरावा नाहीसा होऊ शकतो.

एक उदाहरण

समजा, टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात निघालेली गाडी चढावर ओढत नाही, उभी केल्यावर थरथरते आणि पी००८७ हा कोड येतो. पंप बदलावा असा सल्ला मिळतो. परंतु वहीतील नोंदीप्रमाणे आदल्या दिवशी ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या पिंपातून डिझेल भरले होते. फिल्टरमधील नमुन्यात पाणी निघते. येथे टाकी व फिल्टर साफ करून नवा फिल्टर बसवावा, लाईनमधील हवा काढावी, कोड पुसावा व गाडी चालवून पाहावी. कोड पुन्हा आला तरच पंपाची तपासणी करावी. पिंपातील डिझेल कापडाने गाळले तरी बारीक धूळ व पाणी राहते. म्हणून अशा गाडीत डिझेल थेट पंपावरच भरावे.

सीएनजी किंवा पेट्रोल गाडीत पी०३०१ आल्यास पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल आपसांत बदलावी, कोड पुसावा व गाडी चालवावी. कोड पी०३०२ झाल्यास कॉइल दोषी आहे. तसाच राहिल्यास स्पार्क प्लग व नंतर इंजेक्टर तपासावा.

हे करू नये

१) जुन्या इंजिनात इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून मिसिंग मारणारा सिलिंडर शोधत असत. कॉमन रेल इंजिनात असे कदापि करू नये. तेथील दाब १,००० बारच्या वर जातो. डिझेलची धार कातडीत शिरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. धार लागल्यास जखम बारीक दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे.
२) डीपीएफ गाळणी स्वतः काजळी जाळत असताना गाडी कडब्याजवळ किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नये. सायलेन्सर अतिशय तापलेला असतो.
३) ज्या गाडीस डीईएफ लागते, तीत शेतातील निमकोटेड युरिया पाण्यात विरघळवून घालू नये. त्यातील अशुद्ध घटकांमुळे यंत्रणा चोंदते.
४) ईजीआर बंद करणे किंवा डीपीएफ काढून टाकणे हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे.

गॅरेजमध्ये गेल्यावर केवळ ‘दिवा लागतो’ असे न सांगता आपली वही दाखवावी. कोणता कोड आला, केव्हा आला व कोणत्या बाबी तपासल्या हे सांगावे. भाग बदलण्यास सांगितल्यास तो कोणत्या चाचणीवरून दोषी ठरविला ते विचारावे व जुना भाग परत मागावा. डिझेल फिल्टर व एअर फिल्टर पुस्तिकेतील अंतराप्रमाणे, धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच, बदलावेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून वरील तपासणी केल्यास ऐन तोडणीच्या वेळी गाडी रस्त्यात उभी राहण्याचा प्रसंग बहुतांशी टळेल.