गारदी, कंपू आणि कंत्राटदार : भाडोत्री शस्त्राची मराठी परिभाषा

३१ मार्च २००४ रोजी इराकमधील फलुजा शहरात चार अमेरिकी सशस्त्र पुरुष हल्ल्यात मारले गेले. ते अमेरिकेच्या सैन्यातले नव्हते. ब्लॅकवॉटर या खाजगी कंपनीने त्यांना नेमले होते, आणि इंग्रजी वृत्तांतून त्यांचा उल्लेख ‘कॉन्ट्रॅक्टर’ असा झाला. या शब्दाच्या जागी मराठीत ‘कंत्राटदार’ ठेवला की वाचकाच्या डोळ्यांपुढे रस्त्याचे किंवा धरणाचे काम घेणारा मनुष्य उभा राहतो. मराठीत कंत्राटदार म्हणजे काम अंगावर घेणारा. त्याने रोजावर लावलेली माणसे कंत्राटदार नव्हेत. इंग्रजीने मात्र कंपनीला आणि तिच्या बंदूकधारी नोकराला एकच नाव दिले आहे. अनुवादकाची ही अडचण वरवर पाहता शब्दकोशाची वाटते. वस्तुतः ती जबाबदारीची आहे. मारणारा कोण, मारविणारा कोण आणि पैसा कोणाचा, हे तीन प्रश्न त्या एका शब्दात कालवले गेले आहेत. हे प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय मराठीला अठराव्या शतकात लागली होती.

दुसरा रूढ पर्याय ‘भाडोत्री सैनिक’ हा होय. या शब्दाने धिक्कार व्यक्त होतो, पण नेमका अर्थ हाती येत नाही. जिनीव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी मसुद्यात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे; ती इतकी अरुंद आहे की युद्धात गुंतलेल्या पक्षाचा नागरिक तीत मुळी बसतच नाही. म्हणजे इराकमध्ये अमेरिकी कंपनीच्या पगारावर बंदूक धरणारा अमेरिकी मनुष्य त्या व्याख्येप्रमाणे भाडोत्री ठरत नाही. शिवाय मराठीत ‘भाडोत्री’ म्हटल्यावर सगळा दोष घेणाऱ्याच्या माथी येतो. भाडे देणारा त्या शब्दात कोठेच दिसत नाही.

जुन्या मराठी लष्करी परिभाषेत असे नव्हते. शिलेदार हा स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. भेद शौर्याचा नसून मालकीचा आहे. घोडा मेला तर कोण बुडाला, हे या दोन शब्दांवरून कळते. शिलेदाराचे सारे भांडवल त्या जनावरात गुंतलेले असल्याने तो ते सहजी तोफेपुढे घालीत नसे. परंतु ही सूक्ष्मता सोसणाऱ्याच्या भाषेत टिकत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४१ नंतरच्या दशकात बंगालवर झाल्या, तेव्हा तेथील लोकांनी बारगिरावरून ‘बर्गी’ हा शब्द घडविला आणि तो सरसकट सर्व मराठी स्वारांना लावला. गंगारामाच्या १७५१ सालच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त त्या लुटीचे वर्णन आहे, अंगाईगीतांतून बर्गी आजही मुलांना भीती घालतो. मराठीत जो पागेतला सामान्य चाकर, तो बंगालीत भयाचे नाव झाला. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात शब्दाचा असा प्रवास क्वचितच इतक्या स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

गारद्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘गारदी’ शब्दाचा संबंध पहाऱ्यासाठी असलेल्या युरोपीय शब्दाशी सामान्यतः जोडला जातो. हैदराबादेस फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली तयार झालेले कवायती पायदळ हे त्याचे मूळ. त्याच परंपरेतला इब्राहिमखान निजामाची नोकरी सोडून सदाशिवरावभाऊंकडे आला, आणि १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर रोहिल्यांसमोर उभा राहिला. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा कल गनिमी काव्याकडे, तर इब्राहिमखानाची भिस्त गोल बांधून तोफांच्या आश्रयाने लढण्यावर. हा केवळ युद्धशास्त्रातील मतभेद नव्हता. दरमहा रोख तनखा मागणारे पायदळ आणि मुलुखगिरीवर गुजराण करणारे घोडदळ, अशा दोन अर्थव्यवस्था एकाच छावणीत नांदत होत्या. सुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेल्या काशीराजाने आपल्या फार्सी वृत्तांतात एक प्रसंग दिला आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंना भेटला, नियमित पगाराच्या आपल्या हट्टामुळे त्यांची नाराजी झाल्याचे त्याने स्वतःच काढले, या महिन्याचा पगार मिळालेला नाही याचीही आठवण दिली, आणि आजवर घेतलेल्या पैशाचे चीज आज करून दाखवितो असे सांगितले, असा त्याचा आशय आहे. संवाद शब्दशः तसाच झाला असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि, पगाराचा हिशेब आणि इमान यांत विरोध आहे असे त्या वृत्तांतकाराला वाटत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इब्राहिमखानाच्या पायदळाने रोहिल्यांची जबर हानी केली. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेतच त्याचा अंत झाला.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याच्या साथीदार गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. थकलेला पगार मागण्याचे निमित्त करून ते आत शिरले असे सांगितले जाते. आज ‘गारदी’ म्हटले की मराठी माणसाला इब्राहिमखान नव्हे, सुमेरसिंग आठवतो, हा शब्दावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे. मात्र याच घटनेने मराठीला तिचा सर्वांत तीक्ष्ण राजकीय वाक्प्रचारही दिला. राघोबादादांच्या लेखी हुकुमातील ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही असे अनेक अभ्यासक मानतात. ते मान्य केले तरी आख्यायिकेचे स्वरूप विचार करण्याजोगे आहे. लोकमानसाने खुनाचा शोध तलवारीपाशी थांबविला नाही. तो हुकुमापर्यंत गेला, हुकुमाच्या कागदापर्यंत गेला, आणि कागदावरच्या एका अक्षरापर्यंत जाऊन पोहोचला. हत्यार भाड्याचे होते, हे सर्वांना ठाऊकच होते. अक्षर कोणाचे, हा खरा प्रश्न मानला गेला. रामशास्त्री प्रभुणे यांचे मराठी स्मृतीतील स्थानही यावरच उभे आहे. पुढे कटातील काही गारद्यांना देहांत शिक्षा झाली. पण रामशास्त्र्यांचे नाव घेतले जाते ते गारद्यांना शासन केल्याबद्दल नव्हे, तर खुद्द राघोबांना देहांत प्रायश्चित्त सांगितल्याबद्दल. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिले तेव्हा त्यांनाही नाट्य सापडले ते याच ठिकाणी.

यानंतरची पायरी महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंची. सॅव्हॉय प्रांतातला बन्वा द ब्वान्य १७८४ मध्ये त्यांच्या चाकरीस आला. पाटण आणि मेडता येथील १७९० च्या विजयांत त्याच्या पलटणींचा मोठा वाटा होता. पगार थकू नये म्हणून दोआबातला मुलूख त्याच्याकडे लावून दिलेला होता. वसूल करणारा, फौज उभारणारा आणि ती लढविणारा एकच मनुष्य झाला. आजच्या अर्थाने ‘कंत्राटदार’ हा शब्द कोणाला शोभत असेल तर त्याला. त्याच्यामागून आलेल्या पेराँच्या काळात या रचनेतली भेग उघडी पडली. १८०३ मध्ये युद्ध जुळताच इंग्रजांनी शिंद्यांच्या नोकरीतील आपल्या लोकांना चाकरी सोडण्याचे आवाहन केले व निर्वाहाची हमी दिली. अधिकारी निघून गेले. पेराँही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयास गेला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी सोडलेल्या त्याच पलटणींतले हिंदी शिपाई १ नोव्हेंबरला लासवारी येथे इतक्या निकराने लढले की जनरल लेकनेही त्यांची वाखाणणी केली. कंत्राट अधिकाऱ्यांचे होते, मरण शिपायांचे. ‘कंपू’, ‘कंत्राट’ आणि ‘पगार’ हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले. त्यांपैकी ‘कंपू’चा अर्थ आज आपमतलबी टोळके असा उरला आहे, शिंद्यांच्या छावणीची काही आठवण त्या अर्थात शिल्लक असावी, असे मानण्याचा मोह होतो.

याच सुमारास ‘तैनाती फौज’ हा शब्द मराठी राजकारणाच्या मध्यभागी आला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे निदान सहा हजार पायदळ आपल्याकडे ठेवून घेतले आणि खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. शब्दाप्रमाणे फौज पेशव्यांच्या तैनातीत, खर्चही पेशव्यांचा. हुकूम मात्र कलकत्त्याचा. ती फौज पुरविणारी संस्था व्यापारी भागधारकांची होती. या शब्दाइतके मालक आणि चाकर यांची अदलाबदल झाकणारे दुसरे उदाहरण मराठीत विरळाच.

ही परंपरा ध्यानी घेतली म्हणजे बगदादच्या निसूर चौकातील घटना मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. १६ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कामावर असलेल्या ब्लॅकवॉटरच्या पहारेकऱ्यांनी तेथे गोळीबार केला आणि सतरा इराकी नागरिक मारले गेले. इराकी न्यायालयाचे दार बंद होते. २७ जून २००४ रोजी, सत्तांतराच्या आदल्या दिवशी, व्यवसायी प्रशासनाने काढलेल्या सतराव्या आदेशाने अशा कंपन्यांच्या माणसांना त्यांच्या कंत्राटी कामापुरते इराकी कायद्यातून मुक्त केले होते. अखेर अमेरिकेत खटला चालला. २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते गोळ्या झाडणारे. ज्या आदेशाने त्यांना आधीच अभय दिले होते, त्याची अक्षरे मात्र न्यायासनासमोर आली नाहीत. रशियात याच्या उलट घडले. तेथील फौजदारी कायद्याने भाडोत्री सैनिकी हा गुन्हा असूनही वाग्नेर गट अनेक देशांत लढत राहिला आणि शासन आपला संबंध नाकारीत राहिले. जून २०२३ मध्ये त्याच गटाने मॉस्कोच्या दिशेने कूच केल्यावर, तीन दिवसांतच, गटाचा सर्व खर्च सरकारने चालविला होता असे राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी जाहीर केले. पैसा कोणाचा, हे कळण्यास बंड व्हावे लागले.

तेव्हा अनुवादकाने कोणता शब्द घ्यावा? ‘कंत्राटदार’ हा कंपनीपुरता राखून ठेवणे बरे, कारण मराठीत त्याचा तोच अर्थ आहे. ‘गारदी’ आता शिवीजवळ गेला आहे, आणि ‘सुरक्षा-कर्मचारी’ हा बँकेच्या दारातला वाटतो. निसूर चौकातल्या बंदूकधाऱ्यासाठी एकोणिसाव्या शतकातील मराठीने घरोघर वापरलेला शब्दप्रयोग अद्याप उपलब्ध आहे : कंपनीचा शिपाई. त्यात मनुष्यही आहे, आणि षष्ठीच्या प्रत्ययाने जोडलेला त्याचा धनीही.